कोळसा जाणार म्हणे, मग रान कशाला नेता?



पेपरात आणि टीव्हीवर सध्या एकच गोष्ट चालू आहे. हरित ऊर्जा. दगडी कोळसा जाळून वीज केली की धूर होतो, हवा तापते, पाऊस बिघडतो, म्हणून आता ऊन, वारा आणि पाणी यांच्यावर वीज करायची. कंपन्या त्यात कोटींच्या कोटी ओततायत. टाटा पॉवरनं २०४५ पर्यंत आपला कार्बनचा हिशोब शून्यावर आणू असं सांगितलंय. रिलायन्सनं २०२१ साली नव्या ऊर्जेत ७५ हजार कोटी रुपये घालायचं जाहीर केलं. डोलवीला पोलाद करणारी जेएसडब्ल्यूसुद्धा २०५० चा वायदा करते. नागोठण्याचा कारखाना आणि डोलवीची भट्टी आपण येताजाता बघतो, तेव्हा ही नावं आपल्याला लांबची नाहीत.

चांगली गोष्ट आहे. टोमणा मारत नाही, खरंच चांगली आहे.

कारण कोळसा म्हणजे काय ते आम्हा कातकऱ्यांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको. आमच्या आज्या-आजोबांनी लाकडी कोळसा पाडला. मुकादमाची उचल घ्यायची, पोरंबाळं घेऊन परमुलखात जायचं, रान तोडायचं, भट्टी लावायची, रात्रभर जागून ती राखायची, आणि शेवटी हिशोबाला बसलं की उचल फिटलीच नाही असं ऐकून घरी यायचं. आता वीटभट्टी आहे. दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात आणि पावसाच्या तोंडाला माणसं परत येतात, छातीत धूर घेऊन. धुराचं कौतुक आम्हाला असेलच कशाला?

आणि हवा बिघडल्याची पहिली लाथ बसते तीही आम्हालाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा स्लॅबची घरं उभी राहिली, कुडाच्या घरांचं छप्पर कुठं गेलं ते शोधावं लागलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी. २७ जणांची प्रेतं मिळाली आणि ५७ माणसं मिळालीच नाहीत. त्या वाडीनं हवेत किती धूर सोडला असेल? चुलीतल्या काटक्यांचा, तेवढाच.

तेव्हा आंदोलनवाले म्हणजे विजेचे वैरी, असं जे तालुक्याला बसून बोलतात त्यांनी इथपर्यंतचं दोनदा वाचावं. आमचं म्हणणं पुढं आहे. धूर कमी करायचा म्हणून जी जमीन, जो डोंगर, जी नदी लागणार ती कोणाची, आणि ती द्यायची का नाही हे कोण ठरवणार? कंपन्यांच्या कागदात कार्बन किती टन वाचणार ते लिहिलेलं असतं. माणसं किती उठणार त्याचा रकाना शोधावा लागतो.

ही गोष्ट आजची असती तर म्हटलं असतं, चला, नवीन आहे, चुका होतील. पण आपल्या खोऱ्यात बिनधुराची वीज शंभर वर्षं होतेय. कोलाडवरून वर गेलं की भिरा लागतं. तिथलं टाटांचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. वर घाटमाथ्यावर मुळशीला धरण बांधलं, मुळा नदीचं पूर्वेला जाणारं पाणी अडवलं, डोंगरातून पाइपानं खाली सोडलं आणि वीज केली. ती मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला गेली. त्या काळात असल्या विजेला पांढरा कोळसा म्हणायचे. बघा, नावसुद्धा तेव्हापासून गोरंगोमटं आहे.

त्या पांढऱ्या कोळशासाठी मुळशीच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं उठवली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी तिथं सत्याग्रह सुरू केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट, ज्यांना लोक सेनापती म्हणू लागले. बाया-पोरं धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. तीन वर्षं झगडा चालला आणि धरण झालंच. इंग्रज सरकारनं १८९४ चा जमीन संपादनाचा कायदा कंपनीच्या हातात दिला होता. मोबदला मिळाला तो ज्याच्या नावावर जमीन त्याला. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, जो रानावर आणि नदीवर जगत होता, त्याचं काय झालं ते आम्हाला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

भिऱ्याचं पाणी सुटलं की कुंडलिका भरते. त्या पाण्यावर कोलाडला शहरातली माणसं रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जातात, पुढं तेच पाणी कारखान्यांना जातं. नदी एकच, तिच्यावर सगळ्यांचं भागलं. काठावरच्या आमच्या वाड्यांत मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन बाया चालताना दिसतात. हे रागानं लिहितोय, हो. पण खोटं आहे का?

आता नवीन काय येतंय ते समजून घेऊ. उन्हाची वीज दिवसा होते, रात्री होत नाही. लोक तर संध्याकाळी दिवे लावतात. मग दिवसाची वीज साठवायची कशी? त्यासाठी उदंचन जलविद्युत प्रकल्प. शब्द अवघड आहे, काम सोपं आहे. डोंगरावर एक तलाव, पायथ्याला एक तलाव. दिवसा स्वस्त वीज असते तेव्हा पंपानं पाणी खालून वर चढवायचं आणि संध्याकाळी वरून खाली सोडून वीज करायची. शंभर युनिट घालून साधारण पंच्याहत्तर-ऐंशी परत मिळतात. म्हणजे हे वीज करायचं यंत्र नाहीच, ही विजेची कणगी आहे. कणगी लागते, मान्य. पण तिला जागा कुठली लागते? जिथं उंच कडा आहे, पायथ्याला सपाटी आहे आणि पाऊस धो धो पडतो. म्हणजे सह्याद्री. म्हणजे आपली वस्ती.

६ जून २०२३ ला राज्य सरकारनं एनएचपीसी आणि टोरेंट पॉवर या दोन कंपन्यांबरोबर करार केले. १३,०५० मेगावॅट, ७१ हजार कोटी रुपये. एनएचपीसीकडं काळू, सावित्री, जालोंद आणि केंगाडी. टोरेंटकडं कर्जत, मावळ आणि जुन्नर. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, टाटा पॉवरबरोबर २,८०० मेगावॅटचा करार झाला, १३ हजार कोटींचा. त्यातला १,००० मेगावॅटचा प्रकल्प कर्जत तालुक्यात भिवपुरीला आणि १,८०० चा वर मावळात शिरवत्याला. भिवपुरीला टाटांचं जुनं वीजघर १९२२ पासून आहेच. कर्जत आपल्याच जिल्ह्यात आहे, आपली सोयरीक तिथं आहे. इर्शाळवाडीचा डोंगर आणि कर्जतचे डोंगर शेजारी शेजारी. अशा डोंगरांच्या पोटात बोगदे पाडायचे, तर वर राहणाऱ्याला आधी विचारायला नको? करार झाले त्या दिवशी फोटो निघाले. फोटोत वाडीवरचं कोणी नव्हतं.

पेण-रोह्यात अजून असलं काही आलेलं नाही, मग आत्ताच ओरड कशाला, असं काही जण विचारतील. दोन गोष्टी सांगतो, एक जवळची आणि एक फार लांबची.

जवळची आपल्या डोक्यावरच्या घाटमाथ्यावरची आहे. भिवपुरीच्या वीजघराला ज्या आंध्रा तलावाचं पाणी येतं त्याच तलावाच्या नावानं पुणे जिल्ह्यात, भीमाशंकरच्या अभयारण्याला लागून, पवनचक्क्यांचा प्रकल्प झाला. एनरकॉन कंपनीचा. त्यासाठी दोनशे हेक्टरच्या आसपास वनजमीन वळती केली. वाऱ्याची वीज, धूर नाही, सगळं छान. पण माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात त्याच प्रकल्पाचं काय लिहिलं? डोंगर फोडून रस्ते केले, त्यानं दरडी आणि माती खाली आली, वनहक्क कायद्याचं काम तिथं झालेलं नव्हतं, आणि ज्या डोंगरावर लोक पिढ्यान् पिढ्या जात होते तिथं त्यांना अडवायला चौक्या आल्या. वारा कोणाच्या बापाचा नाही हे खरं, पण पवनचक्की उभी राहिली की तिच्याखालचा डोंगर कंपनीचा होतो.

लांबची गोष्ट नॉर्वे देशातली. तिथं बर्फात रेनडियर नावाची जनावरं राखणारे सामी आदिवासी आहेत. त्यांच्या चराईच्या रानात, फोसेन नावाच्या भागात, १५१ पवनचक्क्या उभ्या केल्या. सामी कोर्टात गेले. ११ ऑक्टोबर २०२१ ला त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, या परवान्यांनी सामींच्या हक्कांचा भंग झाला. जिंकले. पण पवनचक्क्या फिरतच राहिल्या. ५०० दिवस झाले तरी काही होईना, तेव्हा २०२३ च्या फेब्रुवारीत सामी पोरं-पोरी राजधानीत मंत्रालयाच्या दारात जाऊन बसली. शेवटी तडजोड झाली, यंत्रं जागेवरच राहिली. एवढा श्रीमंत, एवढा कायद्याचा देश, आणि तिथं आदिवासी केस जिंकून रान हरला, कारण निकाल लागेपर्यंत लोखंड जमिनीत गेलं होतं. आपल्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला एसटीचं भाडं पुरत नाही. तेव्हा जे करायचं ते लोखंड येण्याच्या आधी.

आपल्याकडं त्यासाठी हत्यार आहे. २००६ चा वनहक्क कायदा. पेण आणि रोहा अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, म्हणून पेसा कायदा इथं लागू नाही. साहेब लोक याचा फायदा घेऊन ‘तुम्हाला ग्रामसभेचे अधिकार नाहीत’ असं ठोकून देतात. वनहक्क कायद्याला ते लागत नाही. तो इथंही लागू आहे, जसाच्या तसा.

त्या कायद्यातलं एक कलम आम्हाला फार आवडतं, ३(२). गावाच्या सोयीसाठी वनजमीन द्यायची असेल तर सरकार कशाकशासाठी देऊ शकतं त्याची यादी तिथं आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, पाण्याची टाकी, विजेची लाइन. आणि त्याच यादीत लिहिलंय, अपारंपरिक ऊर्जा. म्हणजे सौरऊर्जा वगैरे! कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. अट अशी की एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. हे माप आम्हाला मान्य आहे. या मापात कोणी आमच्या वाडीवर उन्हाची वीज आणत असेल तर खड्डे खणायला आम्ही फुकट येऊ. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या जनमन योजनेत कातकऱ्यांच्या अंधारातल्या घरांना सौर दिवे द्यायचं आहेच, त्याची यादी तालुक्याला जाऊन बघा, आपल्या वाडीचं नाव आहे का. पण शेकडो हेक्टर रान कंपनीला द्यायचं त्याला हे कलम नाही. तिथं वनजमीन वळती करायचा मोठा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर आपण आडवे बसू शकतो. कलम ४(५) सांगतं, हक्क तपासून पुरे होईपर्यंत वनजमिनीवरून कोणालाही हलवता येणार नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न आला तेव्हा १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो ग्रामसभांपुढं ठेवायला सांगितला. बारा पाड्यांच्या ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या.

हे सरकारला टोचलं असणारच. २०२२ मध्ये वनसंवर्धनाचे नियम बदलले, केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांचं बघायचं काम नंतर राज्यानं, अशी उलटी वाट केली. पण नियम बदलला तरी २००६ चा कायदा उभा आहे. ज्या वाडीचा सामूहिक दावा मंजूर आहे किंवा निदान दाखल आहे, तिथं कोणालाही ‘इथं हक्कदार नाहीत’ असा दाखला लिहिताना हात थरथरतो. जिथं दावाच नाही तिथं तो दाखला पाच मिनिटांत होतो. म्हणून हे आत्ता बोलतोय.

रान सोडून आणखी दोन वाटांनी ही वीज आपल्यापर्यंत येते, त्यांचंही बोलून घेऊ.

एक गुरचरण. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्यांना दिवसा वीज द्यायची म्हणून सौर प्रकल्पांना जागा हवी आहे. हेतू वाईट नाही. खाजगी शेतकऱ्यानं जागा दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी वाढत जाणारं. सरकारी जागा असली तर भाडं नाममात्र १ रुपया. आता सांगा, शोधणारा आधी कुठली जागा शोधेल? आणि आपल्या किती वाड्या गुरचरणावर, गावठाण नसलेल्या जागेवर बसलेल्या आहेत? कागदावर ती जागा मोकळी दिसते. तिथं आपली घरं आहेत, आपल्या शेळ्या चरतात, आपली मेलेली माणसं तिथं पुरलेली आहेत.

दुसरी वाट टॉवरची. वीज कुठंही होवो, ती मुंबईला न्यायची तर तारा आपल्या डोक्यावरून जाणार. टॉवरसाठी जमीनमालकाला किती टक्के द्यायचे त्याचं केंद्राचं नवं पत्रक २०२४ च्या जूनमध्ये आलं, पहिल्यापेक्षा रक्कम चांगली वाढली. मालकाला. दळी कसणाऱ्याचा सातबारा नसतो. म्हणजे टॉवर दळीत आला की नाचणी जाते आमची आणि पंचनाम्यात जागा लागते फॉरेस्टची.

काही शिकलेली पोरं आम्हाला विचारतात, तुम्ही सगळ्यालाच विरोध करता, मग विकास होणार कसा? पोरांनो, पेण तालुक्याचा इतिहास विचारा घरच्यांना. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला गेलं. बाळगंगेचं धरण नवी मुंबईच्याच पाण्यासाठी काढलं, लाचलुचपत खात्यानं २०१५ साली त्यात गुन्हा नोंदवला, आणि बुडणारी माणसं पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिली. २१ सप्टेंबर २००८ ला याच तालुक्यात सेझसाठी जमीन द्यायची का नाही यावर २२ गावांच्या शेतकऱ्यांनी मतपेटीत मत टाकलं आणि सेझला जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं. जिल्हाधिकाऱ्यांनी घेतलेलं मतदान होतं ते, कोणी दंगा केला नव्हता. शेतकऱ्याला विचारता येतं, मग आदिवासीला का नाही? आणि विचारल्यावर नाही म्हणायची सोय नसेल तर त्याला विचारणं म्हणत नाहीत, कळवणं म्हणतात.

तर आता कामाचं.

ग्रुप ग्रामपंचायतीत चार गावं आणि आपली एक वाडी असते. तिथल्या सभेत आपण पाच जण, तेही मागं उभे. तिथं मंजूर झालेला ना-हरकत ठराव आमच्या वाडीचा नाही हे ठासून सांगा. वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेच्या निम्म्या माणसांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. वाडीची सभा वाडीतच मागा, तीही दिवाळीच्या आधी, सगळे भट्टीवर निघायच्या आधी. भट्टीच्या मोसमात सभा लावली तर का लावली ते लेखी विचारा.

वनहक्क समिती कागदावरच असेल तर नवी निवडा. वैयक्तिक प्लॉटचा दावा केला म्हणून थांबू नका, रान सांभाळायचा सामूहिक दावा वेगळा असतो, त्याचा अर्ज वेगळा असतो. पुराव्याला सातबारा लागत नाही. म्हाताऱ्या माणसांचा जबाब चालतो, जुनी विहीर, समशान, देवाची जागा, जुनी झाडं चालतात. दळीचे जुने कागद ज्या घरात असतील त्यांनी ते उंदरांपासून सांभाळा, झेरॉक्स काढा; जुन्या पट्ट्याचं मालकीत रूपांतर करून मागायचा हक्क कलम ३(१)(छ) मध्ये आहे.

रानात कोणी दुर्बीण, झेंडे, खुंट्या, बोअर मारायची गाडी घेऊन आलं तर मारामारी करू नका. ओळखपत्र बघायला मागा, कोणत्या ऑफिसचा आदेश आहे त्याचा कागद मागा, मोबाइलवर त्या कागदाचा फोटो घ्या. ‘हजेरीसाठी सही करा’ म्हणून कोरं पान पुढं केलं तर अंगठासुद्धा देऊ नका. गाडी, मास्तरांना पगार, मंदिराला पत्रे, असलं काही देऊ म्हणाले तर ग्रामसभेपुढं येऊन बोला म्हणावं.

ठरावात एवढं लिहा. आमच्या वाडीच्या हद्दीतल्या वनजमिनीवर आणि गुरचरणावर कोणत्याही वीज प्रकल्पाची मोजणी, बोअर किंवा टॉवर वाडीच्या ग्रामसभेनं ठराव केल्याशिवाय होणार नाही. आमचे वनहक्काचे दावे आधी निकाली काढा. आमच्या सोयीसाठी १ हेक्टरच्या आतली सौर वीज आम्हाला हवी आहे, ती द्या.

तीन प्रती करा. एक ग्रामसेवकाकडं, एक प्रांत ऑफिसात, एक आपल्या पत्र्याच्या पेटीत. छापील अर्ज नसेल तर वहीचं पान चालतं. पोच म्हणून शिक्का मारून घ्या. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर ते जेवून येईपर्यंत तिथंच बसा.